तथ्य, नियम आणि सिद्धांत : सर्पगंधेच्या निमित्ताने

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका फार्मसीधारक स्नेह्यांनी नव्या वटीच्या माहितीपत्रकाचा मसुदा आमच्याकडे नजरेखालून घालण्यासाठी पाठविला. वटीतील प्रमुख द्रव्य सर्पगंधा. पत्रक वैद्यांच्या प्रतीक्षाकक्षात ठेवावयाचे होते. मसुद्यातील भाषा सफाईदार होती, परंतु तीन वाक्यांपाशी आम्ही थबकलो. पहिले वाक्य असे होते की, सर्पगंधा रक्तदाब कमी करते हे वैज्ञानिक तथ्य आहे. दुसरे, आयुर्वेदाच्या अटळ नियमानुसार ही वटी विकाराचे मूळच नष्ट करते. आणि तिसरे, या द्रव्याने मन खिन्न होते ही आधुनिकांची केवळ थिअरी आहे. तथ्य, नियम आणि थिअरी हे तिन्ही शब्द एकाच पानावर आले होते आणि तिन्ही ठिकाणी त्यांचा अर्थ थोडाबहुत घसरलेला होता.

स्नेह्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण सर्वच जण हे शब्द असेच वापरतो. बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षापासून 'थिअरी' म्हणजे लेखी परीक्षेचा पेपर आणि 'प्रॅक्टिकल' म्हणजे प्रत्यक्ष काम, अशी विभागणी आपल्या मनात पक्की बसते. 'थिअरीत ठीक आहे हो, पण प्रॅक्टिकलमध्ये चालत नाही' हे वाक्य आपल्या बैठकांतून किती वेळा ऐकू येते! त्यातून थिअरी म्हणजे कागदावरची, अजून सिद्ध न झालेली कल्पना, असा समज दृढ होतो. मराठीने त्यात आणखी भर घातली आहे. विज्ञानातील पुष्कळ उपपत्तींना आपण 'वाद' हे उत्तरपद जोडले : उत्क्रांतिवाद, अणुवाद, सापेक्षतावाद. सामान्य वाचकास वाद म्हटला की भांडण आठवते, आणि ज्याविषयी भांडण चालू आहे ते निश्चित कसे, असे त्यास वाटते. वस्तुतः चरकाचार्यांनी विमानस्थानात वादाची व्याख्या करून जल्प व वितंडा हे त्याचेच दोन प्रकार सांगितले आहेत. तेथे शास्त्राधारे परस्परांशी केलेली चर्चा हा अर्थ आहे. परंतु तो अर्थ आज व्यवहारात उरलेला नाही.

आता मसुद्यातील पहिले वाक्य पाहू.

सर्पगंधेचा रक्तदाबाशी संबंध कसा जुळला, हा इतिहास आपल्या प्रत्येकास ठाऊक असावयास हवा. कलकत्त्याचे कविराज गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंत या मुळाचा उपयोग होतो असे निवेदन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून अल्कलॉइड वेगळी केली व त्यांपैकी एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' हे नाव दिले. त्यानंतर मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि मग साऱ्या जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

यात तथ्य कोणते? 'सर्पगंधा रक्तदाब कमी करते' हे तथ्य नव्हे, तो अनेक तथ्यांवरून काढलेला निष्कर्ष आहे. अमुक रुग्णास, अमुक मात्रेत, अमुक दिवस चूर्ण दिले, आधी पारा येथवर चढत होता व नंतर तेथवर चढला, हे तथ्य. तथ्याला पत्ता असतो : कोणी पाहिले, कोठे, कशाने मोजले, किती वेळा. पत्ता नसलेले तथ्य ही ऐकीव गोष्ट होय. शिवाय तथ्य आपले कारण स्वतः सांगत नाही. रुग्ण शांतपणे बसला, दुसऱ्यांदा मोजले, मनातील भीती गेली, एवढ्यानेही रक्तदाब काही अंशी उतरतो, हे आपण रोज दवाखान्यात पाहतो. म्हणून एका वैद्याच्या नोंदीवर न थांबता औषध दिलेले व न दिलेले असे दोन गट शेजारी ठेवून पाहण्याची पद्धत पुढे रूढ झाली. सर्पगंधेच्या बाबतीत अशी निरीक्षणे वेगवेगळ्या देशांत झाली व निष्कर्ष टिकला. तेव्हा मसुद्यातील वाक्य खोटे नव्हे. मात्र ते सर्पगंधेच्या मुळाविषयी आहे, स्नेह्यांच्या वटीविषयी नाही. त्यांच्या वटीचे एकही मापन तोवर झालेले नव्हते. मुळातील अल्कलॉइडचे प्रमाण ते मूळ कोठून आले, केव्हा खणले, कसे साठविले यानुसार पालटते, हे फार्मसीधारकांस आम्ही सांगावे असे नाही.

येथे थोडे विषयांतर. 'रक्तदाबावर सर्पगंधा संहितेत सांगितली आहे' असे काही व्याख्यानांतून आपण ऐकतो. संहितांत सर्पगंधेचे नाव विषचिकित्सेच्या संदर्भात येते. रक्तदाब ही मोजण्याची राशी आहे, आणि बाहूभोवती पट्टा बांधून ती मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ चे, तर त्याला जोडून ध्वनी ऐकण्याची कोरोटकॉव्ह यांची रीत १९०५ ची. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात प्रत्यक्षाला बाधा आणणारी आठ कारणे दिली आहेत : अतिसान्निध्य, अतिदूरत्व, आवरण, इंद्रियदौर्बल्य, मनाची अस्थिरता, सदृश वस्तूंत मिसळणे, दुसऱ्याने झाकोळले जाणे आणि अतिसूक्ष्मता. विद्यमान वस्तूही दिसत नाही असे सांगणारा हा ग्रंथ आहे. त्यात जे पाहिलेच जाऊ शकत नव्हते ते पाहिले होते असा आग्रह आपण धरतो, तेव्हा ग्रंथाचा मान वाढत नाही. असो.

तिसरे वाक्य, म्हणजे 'केवळ थिअरी' हे, आम्ही मुद्दाम आधी घेतो, कारण खरी गंमत तेथे आहे.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी मुळातून रेसरपिन वेगळे केले. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, रेसरपिन दिलेल्या प्राण्यांच्या शरीरातील सेरोटोनिनचा साठा ओसरतो. नॉरअॅड्रेनॅलिन व डोपामिन यांचेही तसेच होते, हे लवकरच स्पष्ट झाले. या सर्वांवरून उपपत्ती तयार झाली ती थोडक्यात अशी : मज्जातंतूंच्या टोकांशी ही द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेली असतात, रेसरपिन त्या पिशव्यांत द्रव्य भरण्याची वाट अडविते, आणि न भरलेले द्रव्य बाहेरच विघटित होऊन साठा रिता होतो.

ही थिअरी. आता ती काय काम करते ते पाहावे. रक्तवाहिन्या आकुंचित ठेवणारा संदेश क्षीण झाला म्हणून रक्तदाब उतरतो. त्याच कारणाने नाडी मंदावते. नाकातील वाहिन्या सैल होऊन नाक चोंदते. जठरात अम्ल वाढते, मल पातळ होतो. मेंदूतील साठा घटल्याने गुंगी व शैथिल्य येते. साठा एका दिवसात रिता होत नाही व एका दिवसात भरतही नाही, म्हणून गुण हळूहळू येतो आणि औषध थांबविल्यावरही काही काळ टिकतो. सर्पगंधा देणाऱ्या प्रत्येक वैद्याने यांतील निम्म्या गोष्टी स्वतः पाहिल्या असतील, पण सुट्या सुट्या. एका सूत्रात त्या ओवल्या गेल्या त्या या उपपत्तीमुळे. म्हणजे तथ्यापुढे थिअरी कनिष्ठ ठरत नाही. विखुरलेल्या तथ्यांना अर्थ तीच देते.

तिची दुसरी कसोटी याहून कठीण असते : आधी न पाहिलेले काही तिने सांगावे लागते. १९५७ मध्ये स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा टोचले, ज्यापासून शरीर डोपामिन बनविते. साठा रिता झाल्यामुळेच प्राणी निश्चल झाला असेल, तर साठ्याचा कच्चा माल पुरविल्यावर तो हालू लागला पाहिजे. ससे उठून हालचाल करू लागले. कंपवाताच्या आधुनिक चिकित्सेचा पाया या प्रयोगाने घातला गेला व कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट रोचक आहे. हेच एल-डोपा कपिकच्छूच्या, म्हणजे आपल्या खाजकुयलीच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. आपल्या एकाच कपाटातील दोन बरण्या एका उपपत्तीच्या दोन टोकांना आहेत. ससे उठले नसते तर या उपपत्तीला जबर धक्का बसला असता. ज्या विधानाला असा धक्का बसण्याची वाटच ठेवलेली नाही, त्यास विज्ञानात थिअरी म्हणत नाहीत.

मग मन खिन्न होण्याचे काय? रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाल्या. त्यांचा आधार घेऊन, अशा द्रव्यांची कमतरता हेच उदासीनतेचे कारण असावे, अशी मांडणी झाली. शिल्डक्राउट यांचा १९६५ चा लेख या संदर्भात प्रसिद्ध आहे. ही मांडणी मात्र परिकल्पना होती आणि तिच्यावर आजही मतभेद आहेत. जुन्या नोंदी पुन्हा तपासणाऱ्या अभ्यासकांनी त्यांतील पुरावा समजला जात होता तेवढा भक्कम नाही असे दाखविले आहे. म्हणजे स्नेह्यांच्या वाक्यात 'थिअरी' हा शब्द चुकला, पण शंका अगदीच निराधार नव्हती. साठा रिता होतो हा प्रस्थापित सिद्धांत. त्यामुळे उदासीनता येते ही अनिर्णीत परिकल्पना. या दोहोंस एकच शब्द लावल्याने भक्कम ते कच्चे दिसते व कच्चे ते भक्कम.

आमचा स्वतःचा एक अनुभव येथे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी पन्नाशीतील एका शेतकरी रुग्णास अनिद्रा व रक्तदाब यांसाठी आम्ही सर्पगंधायुक्त वटी दिली. झोप लागू लागली, रक्तदाब उतरला, आम्ही समाधानी होतो. दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी एकट्याच आल्या व म्हणाल्या, 'वैद्यसाहेब, ते शेतात जात नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, ओट्यावर बसून राहतात.' त्या वर्षी पाऊस रुसला होता, तेव्हा आम्ही ते दुष्काळावर ढकलले आणि आणखी तीन आठवडे वटी चालू ठेवली. मुलाने विहिरीच्या काठावरून वडिलांस हाताला धरून घरी आणल्यावर आम्हांस जाग आली. वटी बंद केली, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले, आणि काही आठवड्यांत ते पूर्ववत झाले. हे सर्पगंधेने घडले काय? आम्हांस सांगता येणार नाही. एकच रुग्ण, दुष्काळ तोच, आणि औषध थांबविणे व तज्ज्ञांचे उपचार सुरू होणे एकाच वेळी झालेले. यातून परिकल्पना ना सिद्ध होते ना खोडली जाते. परंतु परिकल्पना अनिर्णीत असताना तिचा धोका कोणी सोसावयाचा, हा प्रश्न निराळा आहे. तो त्या वेळी आम्ही रुग्णावर टाकला होता.

याच्या उलट दिशेचेही उदाहरण आहे. १९७४ मध्ये लॅन्सेटमध्ये बोस्टन, ब्रिस्टल व हेलसिंकी येथील तीन निबंध एकाच वेळी आले. रेसरपिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक दिसते, असा त्यांचा आशय होता. आकडे खरे होते. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळणे व एकीमुळे दुसरी घडणे यांत अंतर आहे. पुढील अभ्यासांतून तो संबंध टिकला नाही. औषधावरील बालंट मात्र बराच काळ राहिले.

दुसरे वाक्य 'अटळ नियमा'चे. थिअरी सिद्ध झाली की तिचा नियम होतो, अशी बढतीची कल्पना शाळेपासून आपल्या डोक्यात असते. ती चुकीची आहे. नियम काय घडते ते सांगतो, सिद्धांत ते का घडते ते सांगतो. दोहोंची कामे निराळी असल्याने एक दुसऱ्यात रूपांतरित होत नाही. आपल्या फार्मसीतील उदाहरण घ्या. द्रवात तरंगणारा सूक्ष्म कण किती वेगाने तळाशी बसतो, यासंबंधीचा स्टोक्स यांचा नियम १८५१ चा आहे. कणाचा व्यास निम्मा केला तर बसण्याचा वेग चौथाई होतो. चूर्ण वस्त्रगाळ केल्यावर ते कल्कात वा काढ्यात अधिक काळ तरंगते त्याचे हे गणित. पण हा नियम अटळ नव्हे. कण गोल असावा, लहान असावा, सावकाश पडत असावा, द्रवात गर्दी नसावी, या त्याच्या मर्यादा आहेत. दाट अवलेहात तो तसाच्या तसा लागू पडत नाही. प्रत्येक चांगल्या नियमासोबत त्याची हद्द लिहिलेली असते.

आयुर्वेदात या अर्थाचा नियम आहे काय? सामान्य-विशेष सिद्धांत, म्हणजे समानाने वृद्धी व विशेषाने ऱ्हास, याचे स्वरूप आम्हांस नियमासारखे वाटते. तो काय घडते हे सांगतो. त्रिदोषविचाराचे स्वरूप उपपत्तीसारखे आहे, तो का घडते हे सांगू पाहतो. मात्र किती समानाने किती वृद्धी, याचे माप आपण अद्याप बसविलेले नाही. आणि 'विकाराचे मूळ नष्ट होते' हे विधान तर या नियमातूनही निघत नाही. वटी थांबविल्यावर रक्तदाब पुन्हा चढतो हे स्नेह्यांनीच गप्पांत कबूल केले होते.

आपला 'सिद्धांत' हा शब्द विज्ञानाने उसना घेतला आणि आपण तो परत घेताना त्याचा उसना अर्थही घेऊन आलो, असे आम्हांस वाटते. चरकाचार्यांच्या मते परीक्षकांनी नाना प्रकारे परीक्षा करून, हेतूंनी साधून स्थापिलेला निर्णय म्हणजे सिद्धांत. परीक्षा ही अट व्याख्येतच आहे. त्याचे चार प्रकार आपण पाठ केलेले आहेत. सर्वतंत्र तो सर्व शास्त्रांना मान्य, जसे रोगांना कारणे असतात व साध्य रोगांवर उपाय असतात. प्रतितंत्र तो त्या त्या शास्त्रापुरता, जसे आपल्याकडे रस सहा व अन्यत्र आठ. अधिकरण तो एक सिद्ध करताना ओघाने सिद्ध होणारा. आणि अभ्युपगम म्हणजे वादापुरते मान्य केलेले, अद्याप असिद्ध व अपरीक्षित असे काही. हा चौथा प्रकार परिकल्पनेच्या सर्वांत जवळचा आहे. प्रतितंत्र सिद्धांतास सर्वतंत्र म्हणून मांडणे ही आपली नेहमीची चूक. २००५ मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन, कल्पना जोशी व अरविंद चोपडा यांनी ७६ व्यक्तींत प्रकृती व एच.एल.ए. जनुकांचे प्रकार यांचा संबंध तपासला व काही मेळ आढळल्याचे नोंदविले. काम महत्त्वाचे आहे, पण ७६ जणांवरील तो एक धागा आहे. त्यावरून 'प्रकृती जनुकांनी सिद्ध झाली' असे फलक लावणे म्हणजे अभ्युपगमास सर्वतंत्र म्हणणे होय.

सिद्धांत बदलतो म्हणून तो अविश्वसनीय, असा आक्षेपही आपल्यात ऐकू येतो. आपल्या शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा अंतरावर लोणारचे विवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, बेसाल्टमधील तो गोल खड्डा हे तथ्य. तो ज्वालामुखीचा, असे पूर्वी अनेकांस वाटे. १९७३ मध्ये सायन्स या नियतकालिकात, प्रचंड आघातानेच निर्माण होणारी मॅस्केलिनाइट ही काच तेथील खडकांत सापडल्याचे प्रसिद्ध झाले व उल्काघाताची उपपत्ती स्थिरावली. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आले होते, २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. वय दहापटीहून अधिक बदलले, पण म्हणून विवर पुन्हा ज्वालामुखीचे झाले नाही.

भस्मांसंबंधी दोन शब्द लिहिल्याशिवाय फार्मसीधारकांस हा लेख अपुरा वाटेल. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे आले. त्यावर आपल्यातील अनेकांचे उत्तर होते की, शास्त्रशुद्ध भस्म निर्धोक असते. पहिले तथ्य आहे, दुसरे परिकल्पना. रेखापूर्ण व वारितर परीक्षा सूक्ष्मता दाखवितात, अपुनर्भव परीक्षा धातू सहजी मूळ रूपात परतत नाही हे दाखविते. पोटात गेल्यावर किती शोषले जाते, हे यांपैकी कोणतीही परीक्षा मोजत नाही. ते रक्तातच मोजावे लागते. मोजले व निर्धोक निघाले, तर आपल्यासारखे आनंदी कोण?

स्नेह्यांचे पत्रक आम्ही परत पाठविले, सोबत एक व्यवहाराची सूचनाही. औषधी व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत रक्तदाबाचा उल्लेख आहे. तो बरा करण्याचा दावा करणारे पत्रक रुग्णांसाठी ठेवणे हाच मुळी अपराध ठरतो. महिन्याभराने नवा मसुदा आला, या वेळी केवळ नोंदणीकृत वैद्यांसाठी. त्यात लिहिले होते : प्रत्येक वटीत सर्पगंधामूळ चूर्ण इतके मिलिग्रॅम, एकूण अल्कलॉइड इतके टक्के, घाण क्रमांकानुसार तपासलेले. नाडी, नाक, जठर व मन यांवर लक्ष ठेवावे. पूर्वी उदासीनतेचा विकार झालेल्या रुग्णास देऊ नये. खाली वैद्यांनी आपली निरीक्षणे लिहून पाठविण्यासाठी अर्धे पान कोरे सोडले होते. आतापर्यंत अकरा पाने भरून आली आहेत, असे स्नेही सांगतात. त्यांपैकी दोन तक्रारीची आहेत.